ॲप नको असेल तर बँकेत काय करायचं

“काकू, पासबुक आता बंद झालंय. ॲप टाकून देते, सगळं त्यातच दिसेल.”

काउंटरवरच्या मुलीने हात पुढे केला. मावशीने पर्समधून फोन काढून तिच्या हातात ठेवला. बटणांचा. मुलीने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, “मग मुलाच्या फोनमध्ये टाकू या.” मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची, पण आपल्या खात्यात किती आहेत हे मुलाला अजून सांगितलेलं नाही आणि सांगायचा विचारही नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, “पासबुक बंद झाल्याचं पत्रक आलं असेल ना? जरा दाखवता?” मुलगी आत जाऊन आली. “साहेब म्हणाले, प्रिंटर बिघडलाय. सोमवारी या.”

एका प्रश्नात ‘बंद झालं’चं ‘बिघडलंय’ झालं. त्यानंतर मावशीची आणि सोसायटीतल्या दोन-तीन आजी-आजोबांची बँकेची कामं करताना हे पुन्हा पुन्हा पाहिलं. ‘बंद झालं’, ‘कंपल्सरी आहे’, ‘वरून ऑर्डर आहे’ यातलं काही खरं असतं, बरंचसं नसतं. कोणतं खरं, ते एका मागणीने कळतं: लेखी द्या.

मी स्वतः ॲप वापरतो आणि मला ते सोयीचं वाटतं. पण सोय वेगळी आणि सक्ती वेगळी. ज्यांना डोळ्यांमुळे, भीतीमुळे, फोन नसल्यामुळे किंवा नुसतं मन नाही म्हणून ॲप नको आहे, त्यांच्यासाठी (आणि त्यांच्याबरोबर बँकेत जाणाऱ्या पुतण्या-भाच्यांसाठी) हे लिहितोय.

आधी घरी बसून पासबुक चाळा

गेल्या वर्षभराच्या नोंदी बघा आणि आपण बँकेत नेमकं काय काय करतो ते कागदावर लिहा. मावशीची यादी सात ओळींत संपली: पेन्शन जमा, महिन्यातून दोनदा रोख काढणं, विजेचं बिल, सोसायटीचा चेक, एफडीचं व्याज, वर्षातून एकदा टीडीएस (व्याजातून बँकेनेच कापायचा कर) कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म आणि हयातीचा दाखला. यातलं एकही काम ॲपशिवाय अडत नाही. ‘आजकाल ॲपशिवाय काही होत नाही’ हे वाक्य आपणच इतक्यांदा ऐकतो की खरं वाटू लागतं. यादी समोर असली की ते खरं वाटत नाही.

यादीत प्रत्येक कामापुढे ते सध्या कुठे होतं तेही लिहा: काउंटर, एटीएम, चेक की आपोआप. जी कामं आपोआप होऊ शकतात ती तशी करून घेतली की शाखेच्या फेऱ्या कमी होतात आणि वाद घालायचे प्रसंगही.

नियम काय सांगतात

हा भाग जरा लांब आहे, पण काउंटरवरचं बोलणं याच्याच बळावर होतं.

सगळ्यात कामाचा नियम अगदी नवा आहे. डिजिटल बँकिंगबाबतचे रिझर्व्ह बँकेचे निर्देश १ जानेवारी २०२६ पासून लागू झाले. त्यांत स्पष्ट म्हटलंय की डिजिटल सेवा घ्यायची की नाही हा ग्राहकाचा निर्णय आहे, आणि डेबिट कार्डासारखी दुसरी एखादी सेवा देण्यासाठी बँकेने डिजिटल बँकिंगची सक्ती करायची नाही. सेवा सुरू करायची तर ग्राहकाची स्पष्ट संमती हवी आणि तिची नोंद हवी. म्हणजे ‘आधी ॲप घ्या, मग कार्ड मिळेल’ हे चालणार नाही.

त्याच्या आधीचं ९ नोव्हेंबर २०१७ चं परिपत्रक ज्येष्ठ नागरिक आणि अपंग ग्राहकांविषयी आहे. डिजिटल व्यवहार आणि एटीएमचा वापर वाढवायची गरज असली तरी बँका ज्येष्ठांना शाखेतून परत पाठवतात हे बरोबर नाही, असं रिझर्व्ह बँकेनेच त्यात नमूद केलंय. ज्येष्ठांसाठी वेगळा किंवा प्राधान्याचा काउंटर, बचत खात्यावर वर्षाला मागणीनुसार २५ चेक मोफत, चेकबुकासाठी स्वतः हजर राहण्याचा आग्रह नको, टीडीएसचा फॉर्म वर्षातून एकदा सहज घ्यावा, हयातीचा दाखला कुठल्याही शाखेत घ्यावा, असं सगळं त्यात आहे. ७० वर्षांवरच्यांसाठी घरपोच सेवाही आहे. तिच्याबद्दल पुढे.

पासबुकाबद्दल तर रिझर्व्ह बँक अनेक वर्षं एकच सांगत आली आहे: वैयक्तिक बचत खातेदाराला पासबुक दिलंच पाहिजे. ग्राहकाने त्याऐवजी स्टेटमेंट निवडलं तर ते दर महिन्याला द्यायचं. दोन्हींचा खर्च ग्राहकाकडून घ्यायचा नाही.

चेक काउंटरवर दिला आणि पोच मागितली तर शाखेला ती नाकारता येत नाही, ‘पेटीत टाका’ अशी सक्तीही करता येत नाही. हा नियम बहुतेक ग्राहकांना ठाऊक नसतो, आणि काही कर्मचाऱ्यांनाही. तसंच काउंटरवर रोख घेणारच नाही अशी योजना बँकेने काढू नये, बँकिंगच्या मूळ तत्त्वालाच ती धरून नाही, असंही रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलंय.

एक सावधगिरी. नोव्हेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने हजारो जुनी परिपत्रकं एकत्र करून २४४ निर्देशांत बसवली. त्यामुळे इंटरनेटवर सापडणारे जुने परिपत्रक क्रमांक पत्रात लिहू नका. ‘हे परिपत्रक रद्द झालंय’ एवढ्या एका वाक्यावर तुम्हाला परत पाठवतील. क्रमांकाऐवजी विषय लिहा: ‘डिजिटल बँकिंगची सक्ती न करण्याबाबत रिझर्व्ह बँकेचे निर्देश’. पुरतं.

आणि हे सगळं बँकांबद्दल आहे. आपल्याकडे गल्लोगल्ली असलेल्या पतसंस्था सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. रिझर्व्ह बँकेचे हे नियम आणि ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा त्यांना लागू नाही. नागरी सहकारी बँक आणि पतसंस्था यांच्या पाट्या पुष्कळदा सारख्याच दिसतात, तेव्हा ‘बँक’ हा शब्द नावात आहे का ते पाहा.

काउंटरवर

समोरच्या मुलीवर किंवा मुलावर रागावू नका. ॲप डाउनलोड करून द्यायचे आकडे त्यांना वरून आलेले असतात आणि संध्याकाळी कोणीतरी ते विचारतो. बँकेला काउंटरवरचा व्यवहार महाग पडतो, फोनवरचा स्वस्त. हे गणित त्या मुलीने मांडलेलं नाही. सकाळी लवकर, महिन्याच्या पहिल्या आठवड्यानंतर आणि सुट्टीच्या आदला-नंतरचा दिवस टाळून गेलात तर अर्धी कटकट तशीच वाचते.

फोन मात्र हातात देऊ नका. ‘जरा द्या, मी करून देतो’ म्हणत ॲप टाकलं जातं, ओटीपी त्यांनीच वाचलेला असतो, पिन तुम्हाला विचारून टाकला जातो आणि दोन मिनिटांत तुमची ‘संमती’ नोंदवली जाते. घरी आल्यावर तो पिन काय होता हेही आठवत नाही.

नकार देताना कारणं सांगत बसू नका. ‘मला जमत नाही’ म्हटलं की ‘मी शिकवतो’ येतं. ‘फोन जुना आहे’ म्हटलं की ‘मुलाच्या फोनवर घेऊ’ येतं. “मला नको आहे,” एवढंच म्हणावं आणि लगेच आपलं काम पुढे करावं: “ही स्लिप घ्या.”

‘ही सेवा बंद झाली’ असं ऐकलं तर क्रमाने तीन प्रश्न विचारायचे. कधीपासून? सगळ्या शाखांत की फक्त इथे? त्याचं पत्रक किंवा फलकावरची सूचना कुठे आहे? तिसऱ्या प्रश्नाशी बहुतेक वेळा गोष्ट बदलते. नाहीच बदलली तर शाखा व्यवस्थापकांना भेटा. तिथेही तेच उत्तर मिळालं तर नाव, तारीख आणि वेळ तिथल्या तिथे वहीत लिहा. समोर बसून लिहिलेल्या नोंदीचा परिणाम मी पाहिलाय. साहेबांनी स्वतः उठून प्रिंटरचं बटण दाबलं.

एक मोठी अडचण मात्र खरी असते. ‘इतक्या रकमेच्या आत एटीएममधूनच काढा’ असं काही शाखा सांगतात. अशा वेळी मी ‘काउंटरवर रोख देणार नाही हे या स्लिपच्या मागे लिहून सही द्या’ असं सांगतो. आजवर कोणी लिहून दिलेलं नाही, पैसे दिलेत. फक्त नोटा मोजायला वेळ जातो, तेवढी तयारी ठेवा.

पत्र

दोन वेळा तोंडी सांगून झालं की तिसऱ्यांदा तोंडी सांगू नका. साधं पत्र लिहा, मराठीत. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का, सही आणि तारीख घेऊन ती घरी आणा. मावशीसाठी मी लिहिलेलं पत्र थोडं नीट करून इथे देतो.

*प्रति, शाखा व्यवस्थापक, (बँक व शाखा).*

*विषय: बचत खाते क्र. … वरील सेवा शाखेतून मिळण्याबाबत.*

*महोदय, माझे वरील खाते आपल्या शाखेत आहे. मला मोबाइल ॲप व इंटरनेट बँकिंग नको असून त्यासाठी मी संमती दिलेली नाही. माझ्या खात्यावर यापैकी काही सुरू केले असल्यास ते बंद करून तसे मला लेखी कळवावे. दि. … रोजी मला … ही सेवा नाकारण्यात आली व ॲप घेण्यास सांगण्यात आले. सेवा बंद झाली असल्यास त्याबाबतच्या आदेशाची प्रत मिळावी, अन्यथा सेवा पूर्ववत द्यावी. व्यवहारांचे एसएमएस … या क्रमांकावर चालू ठेवावेत. आपली विश्वासू, …*

‘आदेशाची प्रत’ हे दोन शब्द गाळू नका. पत्राचा सगळा जोर तिथे आहे. आदेश असेल तर तो मिळेल आणि तुम्हाला पर्याय शोधता येईल. नसेल तर कोणी ‘नाही’ असं लिहून देणार नाही, सेवाच सुरू होईल. शाखेने पत्र घ्यायलाच नकार दिला तर टपालाच्या नोंदणीकृत सेवेने पाठवा, पावती जपून ठेवा.

पत्रात एसएमएसची ओळ मी मुद्दाम घातली आहे. ॲप नको म्हणणं आणि मोबाइल नंबरच न देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नंबर नोंदवलेला नसेल तर एटीएममधून पैसे काढण्याखेरीज बाकी इलेक्ट्रॉनिक व्यवहार बँक देणार नाही, आणि खात्यातून कोणी पैसे उचलले तर तुम्हाला पत्ताही लागणार नाही. बटणांच्या फोनवरही एसएमएस येतो. तो नंबर स्वतःचाच हवा, मुलाचा नको. मुलगा भला असला तरी ओटीपी त्याच्याकडे गेला की खातं चालवणारा तोच ठरतो.

रोजची कामं

चेक हे ॲप नको असलेल्यांचं मुख्य हत्यार आहे, पण त्याच्या दोन सवयी बदलल्या आहेत. एक, ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत वटवले जातात. पूर्वी आज दिलेला चेक परवा वटायचा, तोवर आपण पैसे भरायचो. आता चेक देतानाच खात्यात रक्कम हवी. दोन, ५०,००० रुपये आणि त्यावरच्या चेकसाठी १ जानेवारी २०२१ पासून ‘पॉझिटिव्ह पे’ आहे. म्हणजे चेकचा नंबर, तारीख, नाव आणि रक्कम आधीच बँकेला कळवायची. ५ लाखांपासून पुढे बँक ते सक्तीचं करू शकते. कळवायला बँका ॲपच पुढे करतात, पण एसएमएस किंवा एटीएमवरूनही सोय असते आणि बऱ्याच शाखा छापील फॉर्म घेतात. मोठा चेक देण्याआधी शाखेत विचारून घ्या, नाहीतर चेक परत येतो. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो, हेही पुष्कळ जण विसरतात.

दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायचे तर शाखेत एनईएफटीचा फॉर्म भरता येतो. शुल्काला रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे: १०,००० पर्यंत अडीच रुपये, १ लाखापर्यंत ५, २ लाखांपर्यंत १५, त्यापुढे २५, अधिक जीएसटी. ऑनलाइन केलं तर बचत खात्याला हे मोफत असतं. पंचवीस रुपये वाचवायला ॲप घ्यायचं का, ते ज्याचं त्याने ठरवावं. फॉर्मवर खाते क्रमांक दोनदा तपासा. पैसे नावावर नाही, क्रमांकावर जमा होतात; आकडा चुकला तर शोधत बसाल.

दरमहा ठरलेली रक्कम जाते तिथे ‘स्थायी सूचना’ द्या. हप्ता, आरडी, सोसायटीचा मेंटेनन्स अशा कामांसाठी एकदा सही करून दिली की महिन्याच्या महिन्याला आपोआप होतं. बिलांसाठी आणि विम्यासाठी कागदी मँडेटचा (खात्यातून पैसे कापून घ्यायच्या लेखी परवानगीचा) फॉर्म असतो. त्यात कमाल रक्कम आणि शेवटची तारीख स्वतः लिहा, रिकामी सोडू नका.

कार्डाचं थोडक्यात. १ ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवरच चालू असतं. ऑनलाइन, परदेशी आणि कार्ड मशीनला नुसतं टेकवून पैसे देण्याची सोय आपण सांगितली तरच सुरू होते. ती बंदच राहू द्या. मर्यादा कमी करायची असेल तर एटीएमवर किंवा बँकेच्या फोन सेवेवर होतं. जुनं कार्ड असेल तर एकदा शाखेत विचारा, त्यावर ऑनलाइन व्यवहार चालू असू शकतात.

बटणांच्या फोनवर *९९# डायल करून शिल्लक पाहता येते आणि पैसेही पाठवता येतात. २०२२ पासून यूपीआय १२३पे ही साध्या फोनसाठीची सोयही आहे. मावशीला मी शिल्लक बघण्यापुरतं शिकवलं. पैसे पाठवण्याच्या वाटेला ती गेली नाही आणि मीही आग्रह केला नाही. तेवढ्याने तिचे शाखेतले निम्मे हेलपाटे थांबले.

केवायसी, म्हणजे चोरांची आवडती वेळ

केवायसी म्हणजे खातेदाराची ओळख आणि पत्ता तपासणं. बँकाच रोज ‘ॲप घ्या, केवायसी अपडेट करा’ म्हणत असतील, तर तेच वाक्य चोराने म्हटलं तर माणूस फसणारच. व्हॉट्सॲपवर बँकेच्या नावाची फाइल येते, ती उघडली की फोनचा ताबा जातो. ज्याला बँकेचं ॲप वापरायचंच नाही, त्याच्यासाठी नियम सोपा आहे. ॲपविषयी आलेला प्रत्येक फोन, प्रत्येक मेसेज खोटा. कापून टाका.

खरी केवायसीची सूचना कशी येते ते माहीत असलं की घाबरायला होत नाही. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलंय: मुदतीआधी किमान तीन वेळा कळवायचं, त्यातलं किमान एक पत्राने. मुदत टळली तर आणखी तीन स्मरणपत्रं, त्यातही एक कागदी. मुदतही वर्षा-वर्षाची नसते. साध्या, कमी जोखमीच्या खात्याला दहा वर्षांची असते. पत्ता, नाव काहीच बदललं नसेल तर ‘बदल नाही’ असं स्वतःच्या सहीचं पत्र पुरतं, ते टपालानेही चालतं. ‘आज रात्री खातं बंद होईल’ असं कोणी सांगत असेल तर तो बँकेचा माणूस नाही.

पैसे गेलेच तर आधी बँकेच्या नंबरवर आणि १९३० वर फोन, मग शाखेत लेखी तक्रार. आपली चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत आपण कळवलं, तर नुकसान आपल्या माथी येत नाही, असा २०१७ चा नियम आहे. चार ते सात दिवस लावले तर काही भार आपल्यावर येतो. ओटीपी किंवा पिन आपणच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून रविवार असला तरी फोन आत्ताच.

शाखेत जाणंच जमत नसेल तर

७० वर्षांवरच्या आणि आजारी किंवा अपंग ग्राहकांना घरी रोख पोचवणं, भरणा घरून नेणं, डिमांड ड्राफ्ट देणं, केवायसीची कागदपत्रं आणि हयातीचा दाखला घरी येऊन घेणं, अशी सेवा द्यायला रिझर्व्ह बँकेने सांगितलंय. सरकारी बँकांनी मिळून एक सामायिक घरपोच सेवाही चालवली आहे. शुल्क बँकेनुसार बदलतं, आधी विचारा. येणाऱ्याचं ओळखपत्र पाहा आणि काहीही हातात देण्याआधी पावती घ्या. टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेमुळे पोस्टमनही अंगठ्यावर पैसे देतो. गावात बँक मित्र, म्हणजे बँकेने नेमलेला माणूस असतो. दोन्हीकडे मशीनवरचा आकडा स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर ओळखीच्या माणसाकडून वाचून घ्या, आणि ‘नाही उमटला, परत लावा’ म्हणाले तर आधी छापील पावती मागा. दोनदा अंगठा म्हणजे दोनदा पैसे निघायची शक्यता.

सही करता येत नसेल तरी खातं अडत नाही. अंथरुणाला खिळलेल्या खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेऊन पैसे देता येतात. त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. मावशीच्या शेजारच्या आजोबांसाठी हे करून घेतलं तेव्हा शाखेतल्या दोघांना ही पद्धत माहीत नव्हती. तिसऱ्या, निवृत्तीला आलेल्या बाईंना होती. अशा बाई शोधून ठेवाव्यात.

दुसऱ्या कोणावर कामं सोपवायची तर खात्याला त्याचं नाव ‘दोघांपैकी कोणीही’ या अटीवर जोडता येतं, पण मग तो सहखातेदारही होतो. नुसती कामं करायला हवी असतील तर बँकेचं अधिकारपत्र द्यावं, ते केव्हाही परत घेता येतं. सही केलेले कोरे चेक कपाटात ठेवण्यापेक्षा हे शंभरपट बरं. जाता जाता वारसनोंदही बघा. १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नॉमिनी देता येतात.

तक्रार वर नेताना

पत्राला उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर बँकेच्या मुख्य कार्यालयातल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्याचं नाव शाखेच्या फलकावर असतं, नसेल तर तेही तक्रारीत घाला. बँकेला तक्रार दिल्यापासून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. इथेही ॲप किंवा संगणक लागत नाही. कागदी तक्रार टपालाने भारतीय रिझर्व्ह बँक, सेक्टर १७, चंदीगड १६००१७ या केंद्रीय पत्त्यावर जाते. शुल्क नाही, वकील लागत नाही. १४४४८ या नंबरवर मराठीतही माहिती मिळते. तक्रारीबरोबर पत्राची शिक्क्याची प्रत जोडा. ती नसेल तर ३० दिवस कधीपासून मोजायचे हेच ठरत नाही. आणि ३० दिवस झाले की लगेच पाठवा, पुढची दिवाळी उलटू देऊ नका.

लोकपालांकडे सगळंच चालत नाही. शाखा किती ठेवायच्या, कोणती योजना काढायची हे बँकेचे व्यावसायिक निर्णय धरले जातात. एटीएमचे मोफत व्यवहार संपले की पैसे कापले जाणार, ॲपवर एफडी केली तर काही सवलत देणारी बँक काउंटरवर ती देणार नाही, गर्दीत उभं राहावं लागणार, हे सोसावं लागतं.

शाखाच बंद झाली तर

शाखा हलणार किंवा दुसऱ्या शाखेत विलीन होणार असेल तर ग्राहकांना वेळेत आधी कळवणं बँकेवर बंधनकारक आहे. गावात ती एकमेव शाखा असेल तर जिल्हा पातळीवरच्या सल्लागार समितीची मंजुरी लागते. ग्रामपंचायतीने ठराव करून तिकडे पाठवला तर तो त्या समितीपुढे ठेवता येतो.

घरी सूचना आली की तीन गोष्टी विचारा. खातं कुठल्या शाखेत जाणार, आयएफएससी कोड (शाखेचा ओळख क्रमांक) बदलणार का आणि जुनी चेकबुकं कधीपर्यंत चालणार. कोड बदलला तर पेन्शन, व्याज आणि गॅसची सबसिडी जिथून येते तिथे तो कळवावा लागतो. स्थायी सूचना नव्या शाखेत चालू राहिल्या का हे पहिल्याच महिन्यात पासबुकावर एन्ट्री मारून पाहा. लॉकर असेल तर तो उघडून सामान स्वतःच्या हाताने हलवा. नवं पासबुक मिळालं की जुनं ‘जमा करा’ म्हणतील. शेवटच्या पानावर ‘रद्द’चा शिक्का मारून ते परत मागून घ्या.